शिवलिंगीचा वेल आणि माझा विळा

आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा असतो. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं आहे, ‘हात लावू नये’. घरात आता आम्ही दोघंच असतो आणि लिहिणारी बायको आहे, तेव्हा ही सूचना कोणासाठी ते वेगळं सांगायला नको. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली एखादी फांदी असते, शेंग असते, नाहीतर नुसती तीन पानं. तिचं चित्र पूर्ण होईपर्यंत ती आमच्या घरची पाहुणी. दही, कोथिंबीर आणि मी, आमचा नंबर तिच्यानंतर.

चिकटपट्टी लागली त्याला कारण मीच. दोन वर्षांमागे श्रावणात ती शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मला भूक लागली. डब्यात देठासकट तीन काटवलं, म्हणजे कर्टोली, दिसली, छान हिरवीगार, टवटवीत. मी म्हटलं, बाई रोज आपल्यासाठी रांधते, आज आपण तिला थक्क करू. कांदा चिरला, काटवलं चिरली, तेलात खरपूस परतली, वरून शेंगदाण्याचं कूट टाकलं. ती आली, कढईत डोकावली आणि शांतपणे म्हणाली, “चांगली झाली का?”

मी म्हटलं, “एकदम झकास.”

“होईनच. तीन दिवसांपासून मी त्यायचे काटे मोजून राह्यली होती.”

अशा रीतीने मी तिचं सातवं चित्र खाल्लं. अर्धं तिनेही खाल्लं, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझी बायको झाडाझुडपांची चित्रं काढते म्हटलं की लोकांना वाटतं, डोंगर, नदी, घर, मागे सूर्य. तसं नाही. पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर एकच झाड. जेवढं आहे तेवढंच, काडीभर मोठं नाही की लहान नाही. पान वरून कसं, खालून कसं, देठाला लव आहे की नाही, फूल उभं कापलं तर आत काय, फळ कच्चं कसं, पिकलं कसं, बी कसं. सगळं पाण्याच्या रंगात. मापं घ्यायला तिच्याकडे माझ्या कंपासपेटीतला दोन टोकांचा कर्कटक आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, पण माझा कर्कटक अजून नोकरीत आहे.

हे सुरू झालं पन्नाशीनंतर. मुलगा नोकरीला बाहेर गेला, मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. आईला घर खायला उठेल म्हणून मुलीने रंगांची पेटी आणि ब्रश आणून दिले. मला वाटलं, आता दोन गणपती निघतील, एक मोर निघेल आणि पेटी माळ्यावर जाईल. हिने पहिलं चित्र काढलं ते आघाड्याचं. जो आघाडा मी तीस वर्षं वावरातून उपटून फेकत होतो तो. मी म्हटलं, निंदणाचं कोणी चित्र काढतं का? तर म्हणाली, “तुमी कदी त्याच्याकडं पायलं का? उपटतानाई नाई पायलं.”

ते खरं होतं.

आमचं गाव वाशीमकडच्या मालेगावपासून हाकेच्या अंतरावर. घरामागे चार एकर वावर, त्यात सोयाबीन आणि तूर. वावराच्या कडेने धुरा, म्हणजे दोन शेतांमधली गवताची, काट्याकुट्याची उंचवट्याची पट्टी. शेतकऱ्याच्या दृष्टीने धुरा म्हणजे साप, उंदीर आणि शेजाऱ्याशी भांडण यांची जागा. हिच्या दृष्टीने ते भांडार. प्लास्टिकचं स्टूल, छत्री, पाण्याच्या दोन बाटल्या, एक पिण्याची आणि एक रंगाची, एवढं घेऊन ती सकाळी धुऱ्यावर जाऊन बसते. निंदायला येणाऱ्या बायांना सुरुवातीला मोठी गंमत वाटायची. काकू आमच्या कचऱ्याले दागिने घालून राह्यल्या, असं त्या एकमेकींना सांगायच्या. आता त्याच बाया पदराच्या ओट्यात काही नवीन दिसलं तर वेगळं काढून आणतात, आणि मी मध्ये हात घातला तर म्हणतात, गुरुजी, तुमी नका धरू, तुमी खासान.

काटवलाची बातमी धुऱ्यापर्यंत कोणी पोचवली, ते मला ठाऊक आहे.

गेल्या साली वाशीमच्या एका कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या शिवारात आल्या. पाणी प्यायला घरी थांबल्या आणि भिंतीला टेकवलेली चित्रं बघत तासभर उभ्याच राहिल्या. विद्यार्थी बाहेर जांभया देत होते. जाताना मॅडम म्हणाल्या, आपल्या भागातल्या धुऱ्यावरच्या चाळीस झाडांचं पुस्तक करू. चित्रं तुमची, खाली गावातलं नाव आणि चार ओळी माहिती. कॉलेज छापेल. मी लगेच मान डोलावली, जणू चाळीस मलाच काढायची होती. हिने मात्र एक अट सांगितली. जे डोळ्यानं पायलं तेच काढीन. फोटो पाहून नाही, अंदाजानं नाही.

ही अट ऐकायला सोपी आहे. निभवायला वर्ष जातं. झाड फुलतं तेव्हा फळ नसतं, फळ येतं तेव्हा फूल गळालेलं असतं. म्हणून एकेका कागदावर आषाढात पान, भाद्रपदात फूल, अश्विनात फळ असं काम चालायचं. फळाच्या जागी तोवर पेन्सिलीची फिकट रेघ. भिंतीला अशी अर्धी अर्धी झाडं ऋतूची वाट बघत टेकलेली असायची, आणि मी त्यांच्यामधून चहाचा कप सांभाळत आडवा चालायचो.

दसऱ्यापर्यंत एकोणचाळीस पूर्ण झाली. चाळिसावी शिवलिंगी.

शिवलिंगी कोणाला माहीत नसेल तर सांगतो. कुपाटीवर, म्हणजे काट्यांच्या कुंपणावर, चढणारा नाजूक वेल. पंजासारखं पान, फिकट पिवळं बारीक फूल आणि गोट्यांएवढी गोल फळं. फळ आधी हिरवं, त्यावर पांढरे पट्टे. पिकलं की लालभडक, पण पट्टे पांढरेच. आत जे बी असतं ते हुबेहूब पिंडीसारखं, म्हणून हे नाव. आमच्या पूर्वेच्या धुऱ्यावर बाभळीच्या काट्यांच्या कुपाटीवर एकच वेल होता. हिने तो उगवल्यापासून पाहिलेला. पान, आधाराला गुंडाळणारा तणावा, फूल, हिरवं फळ, सगळं कागदावर उतरलं होतं. फक्त लाल फळ राहिलं होतं. ते पांढरे पट्टे ती पांढऱ्या रंगाने काढत नाही. तेवढा कागद कोरा सोडायचा आणि भोवतीने लाल भरायचा. एकदा ब्रश पट्ट्यावर गेला की संपलं. मी एकदा सुचवलं होतं की चूक झालीच तर शाळेतला व्हाइटनर आहे आपल्याकडे. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी गणितात पायथागोरसला विसरणाऱ्या मुलांकडेही पाहिलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मॅडम सगळे कागद न्यायला येणार होत्या. फळं रंग बदलायला लागली होती. ती म्हणाली, चार दिवसात होतील लाल.

आणि त्या चार दिवसांत मी धुरा साफ केला.

आता माझी बाजू ऐका. सोयाबीन सोंगणीला आलं होतं. मळणीचं यंत्र वावरात यायला पूर्वेकडूनच वाट, आणि त्या धुऱ्यावर कमरेएवढं गवत. मजूर बाया दुसऱ्याच्या वावरात गुंतलेल्या. त्यांनी दोन दिवस आधी थोडं काम केलं होतं. मी विळा घेतला, कुदळ घेतली आणि निघालो.

धुऱ्यावर चढलो तर एका जागी लाल चिंधी बांधलेली. आमच्याकडे मजूर बाया संध्याकाळी काम थांबवताना जिथपर्यंत झालं तिथे एक चिंधी बांधून जातात. सकाळी जी कोणी आधी येईल तिने तिथून सुरुवात करायची. चिंधी म्हणजे इथून पुढे. सगळ्या शिवाराला कळणारी ही भाषा. मी पण त्या भाषेचा आदर केला. चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली, आणि तिथूनच, अगदी तिथूनच, कामाला लागलो.

माझा स्वभाव असा की काम करायचं तर मुळापासून. वेल होता, कुपाटीला गुंतलेला. विळ्याने वरून कापला असता तर कोणी मला माफही केलं असतं. मी कुदळीने खणला. खाली गाजरासारखं जाडजूड मूळ निघालं. मी मनात म्हटलं, बघा, हे राहिलं असतं तर पुढच्या साली परत डोकं काढलं असतं. मूळ वेलापासून तोडलं, खड्डा बुजवला आणि सगळं गबाळ ओढत नेऊन उकंड्यावर टाकलं, मूळ शेणात खाली, वेल वर. पिकल्यावर लाल होणारी ती फळं तेव्हा अजून हिरवटच होती, आणि माझ्या डोक्यात शिवलिंगी म्हणजे लाल. मी ती ओळखलीच नाही. चार महिने तिच्या चित्राशेजारी चहा प्यायलेला मी.

दहाच्या सुमारास ती स्टूल आणि छत्री घेऊन आली. मी धुऱ्यावर कमरेला हात लावून उभा. शाळेत तपासणीला साहेब आले की फळा पुसून जसा उभा राहायचो तसा. म्हटलं, पा, कसा आरशासारखा केला.

तिने पूर्वेकडे पाहिलं. स्टूल खाली ठेवलं. मग विचारलं, “इथं चिंधी होती ना?”

मी खिशातून घडी काढून दिली. वाया जायला नको म्हणून जपून ठेवली होती.

चिंधी तिची होती. कोणी चुकून वेल कापू नये म्हणून तिने बांधली होती. आदल्या संध्याकाळी ती मला हे सांगणारही होती, पण मी तेव्हा टीव्हीवर क्रिकेट बघत होतो आणि हं हं म्हणत होतो. त्या दोन हं मध्ये हे गेलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. बायको बोलायला लागली की नवऱ्याला बाजू मांडता येते. तिने ती संधीच दिली नाही. उकंड्यावरून वेल उचलून घरी नेला, टोकं पाण्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं माना टाकून बसली आणि हिरवी फळं सुरकुतली. मला तिने चहा दिला. साखर बरोबर होती, आलं होतं. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, “राहू द्या. एकोणचाळीसचं पुस्तक होईन. मॅडमले सांगते मी.”

मूळ जमिनीतच आहे का, असं तिने विचारलं होतं. मी हो म्हटलं. विळ्यानंच कापला, म्हटलं. हे खोटं मी का बोललो ते अजून मला कळलेलं नाही. बहुतेक गुन्ह्याचं वजन निम्मं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मी कामाला लागलो. तीन दिवस हातात होते. शेजाऱ्याच्या कुंपणावर पंजासारखी पानं आणि पांढऱ्या पट्ट्यांची हिरवी फळं दिसली. मी फांदी तोडून धावत घरी आलो. एक फळ तर लालही होतं. मी ती फांदी तिच्यापुढे अशी ठेवली, जणू पर्वतासकट संजीवनी आणली आहे. तिने चष्मा लावला, मग भिंग घेतलं, आणि दोन्ही खाली ठेवलं. रानतोंडली आहे, म्हणाली. मग एखाद्या कच्च्या विद्यार्थ्याला समजवावं तसं समजावलं. शिवलिंगीचा तणावा टोकाला दुभंगतो, ह्याचा एकच धागा. शिवलिंगीची फळं गोल, पानाच्या बगलेत दोन-तीन मिळून चिकटून बसतात. हे लांबट, एकटं, देठाला लोंबतं. आणि पिकल्यावर ह्याचे पट्टे जातात, तिचे राहतात. मी मान डोलावली. मग म्हटलं, मोबाइलवर छान लाल फोटो आहे शिवलिंगीचा, पाहून काढ, कोणाला कळणार आहे. ती म्हणाली, मले कळन.

मग मी मोटरसायकल काढली.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. शिवलिंगीचं बी आमच्या भागात जुन्या बाया एकाच कामासाठी देतात. ज्या बाईला मूल होत नाही तिला. कोणी बी गायीच्या दुधातून घ्यायला सांगतं, कोणी गुळातून. हे मला माहीत होतं. पण वेल शोधायच्या भरात ते डोक्यातून पार निघून गेलं होतं. साठीला टेकलेला, डोक्यावर मोजून बावीस केस उरलेला मी गावोगाव थांबून, पाराखाली बसलेल्या लोकांना विचारत होतो, तुमच्याकडे शिवलिंगी आहे का? लाल पाहिजे. अर्जंट आहे, सोमवारच्या आत.

पहिल्या गावात लोक नुसते एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, गोड स्वभावाचे लोक आहेत. दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी कोणासाठी. मी म्हटलं, बायकोसाठी. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, हिंमत आहे गुरुजी. मला वाटलं चित्रकलेबद्दल बोलतोय. मी म्हटलं, हो, तिची फार इच्छा आहे, चाळिसावं आहे. तो एकदम उभाच राहिला.

रिसोडच्या बाजारात धान्याच्या ओळीच्या टोकाला एक जडीबुटीवाला बसतो. त्याच्याकडे वाळलेलं बी होतं, पुडीत. मी म्हटलं, बी नको, लाल फळ पाहिजे, ओलं, वेलासकट. तो म्हणाला, चाचा, बीज ही काम करता है, बेल का क्या करोगे. मी म्हटलं, बाईला समोर ठेवून बघायचंय, चार-पाच तास. त्याने पुडी परत पेटीत ठेवली आणि हे गिऱ्हाईक बरं नाही असं ठरवून दुकानच आवरायला लागला.

परतताना मालेगावला स्टँडजवळ चहाला थांबलो. चहावाला माझा विद्यार्थी. त्याने कप पुढे केला आणि खाली मान घालून विचारलं, सर, बातमी खरी का? मी म्हटलं, कसली? तो म्हणाला, काही नाई, चहा घ्या, आज पैसे नको. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि चहा शर्टावर सांडला.

बातमी मोटरसायकलपेक्षा वेगाने गेली होती. घरात पाय ठेवतो तर ती फोनवर. पुण्याहून मुलगी. तिने स्पीकर लावला. मुलगी अगदी सांभाळून, नर्स पेशंटशी बोलते तशी म्हणाली, “बाबा, तुम्ही शिवलिंगी शोधत फिरताय म्हणे. काकांचा फोन आलता. तुम्ही आणि आई, म्हणजे, डॉक्टरांना तरी विचारलं का?”

मी तोंड उघडायच्या आत बायको हसायला लागली. दोन दिवसांनी पहिल्यांदा. हातातला ब्रश खाली ठेवून, पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून ती हसली. टेकवलेली झाडं तिच्या धक्क्याने खाली सरकली. मला वाटलं, अब्रू गेली ती गेली, पण योग्य ठिकाणी खर्च झाली.

हसणं थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, “धनजले असन. आमच्या गोठ्यामागच्या कुपाटीवर लहानपणी पाह्यची मी.”

धनज तिचं माहेर. मी म्हटलं, मग हे दोन दिवस आधी कायले नाई सांगितलं?

“तुमी मले विचारलं कुठं? साऱ्या तालुक्याले विचारत फिरले.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, पहाटेच निघालो. शिवलिंगीचा कागद दोन पातळ प्लायवूडच्या मध्ये, त्यावर प्लास्टिक, आणि ते सगळं तिच्या पाठीला ओढणीने बांधलेलं. मागून येणाऱ्यांना वाटत असेल की हा माणूस बायकोला दारासकट पळवून नेतोय. अडीच तास मी एकही खड्डा चुकवायचा सोडला नाही. आयुष्यात इतकी सावकाश मोटरसायकल मी लग्नानंतरच्या वरातीतही चालवली नव्हती.

गोठा आता पत्र्याचा झाला होता, पण मागची कुपाटी तशीच. आणि तिच्यावर, मी देवाला हात जोडले, वेल. चार-पाच ठिकाणी लाल फळं, पांढऱ्या पट्ट्यांची, सकाळच्या उन्हात नुकती पुसून ठेवल्यासारखी. मी पुढे हात केला आणि मागून दोन आवाज एकदम आले, एक हिचा आणि एक हिच्या भावजयीचा. हात लावायचा नाही. माझी कीर्ती इथेही येऊन पोचली होती.

फांदी तोडली की फळं लवकर गळतात, म्हणून तिने तिथेच बसून काढायचं ठरवलं. भावजयीने खाट आणली, पाट आणला, पाणी आणलं. मला काम मिळालं छत्री धरायचं. ऊन सरकेल तशी छत्री सरकवायची, कागदावर सावली सारखी राहिली पाहिजे. मी पाच तास उभा होतो. भावजय मध्येच कामातून वेळ काढून यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “जावाई, आमच्याकडं बातमी आली ती खरी असती तर तुमाले छत्रीऐवजी पाळण्याची दोरी धरावी लागली असती.” मी छत्रीच्या आड तोंड लपवत होतो, तर हिचा आवाज यायचा, सावली हलली.

पण त्या पाच तासांत मी तिला काम करताना पहिल्यांदा नीट पाहिलं. एरवी मी बघायचो ते चित्र, नाहीतर चहाला उशीर. ती आधी नुसती फळाकडे बघत बसायची. मग कर्कटकाने माप, मग पुन्हा बघणं. लाल रंग तिने एकाच डबीतून घेतला नाही. तीन रंगांचे दहा-बारा ठिपके आधी जुन्या विजेच्या बिलामागे लावून पाहिले, फळाशेजारी धरले, बाजूला ठेवले. मग ब्रश. एक पातळ थर, तो वाळेपर्यंत हात मांडीवर, मग दुसरा थर. पट्ट्याजवळ आली की तिचा श्वास थांबायचा. माझाही थांबायचा. एकदा मला शिंक येत होती आणि मी ती कशी गिळली, माझं मलाच ठाऊक. दुपारी तीनच्या सुमारास तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि म्हणाली, झालं. कागदावर दोन लाल फळं अशी बसली होती की मी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा दोन आवाज.

परतीच्या वाटेवर ती खूश होती. पाठीमागून बोलत होती, जे ती सहसा करत नाही. कारंजाच्या पुढे आल्यावर म्हणाली, एकच राह्यलं, मूळ. बाकी बऱ्याच झाडांची मुळं काढलीत, निंदणात निघतातच ती. शिवलिंगीचं नाही निघालं. मुद्दाम उपटून मी कधी काढलं नाही, काढणारही नाही. जाऊ द्या, जमिनीत आहे ना, येईन पुढच्या साली.

मी मोटरसायकल बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मागे वळून बघायची हिंमत नव्हती म्हणून हँडलकडे बघत सांगितलं, “मूळ जमिनीत नाई. मी खणलं. उकंड्यावर टाकलं. तुले खोटं सांगितलं.”

एक ट्रक गेला. दोन एसटी गेल्या. मग ती म्हणाली, “तुकडे केले का?”

“नाई. पुरंच्या पुरं काढलं. चांगलं मोठं होतं.”

“मंग चाला ना लवकर. इथं कायले थांबले?”

उरलेली वाट मी वरातीच्या वेगाने गेलो नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं उकंड्यावर होतो, हातात फावडं नाही, नुसते हात, कारण फावड्याची परवानगी मला नव्हती. शेणाच्या ओलीत ते मूळ छान जिवंत होतं, टोकाला एक पांढरा फुटवाही आलेला. तिने ते नळाखाली असं धुतलं, जसं बाळंतिणीच्या घरात पोर धुतात. माती थोडी ठेवली, म्हणाली, मातीचा रंग पण पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम दारात आल्या तेव्हा ती मुळाच्या शेवटच्या तंतूवर होती. मॅडमना अर्धा तास ओसरीत बसवून मी चहा दिला. आलं टाकलं, साखर बरोबर.

तिच्या प्रत्येक कागदाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणता भाग कुठून घेतला ते. मॅडमनी चाळिसावा कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. मग खालच्या ओळी मोठ्याने वाचल्या.

“वेल, पान, फूल, कच्चे फळ: आमचा पूर्वेचा धुरा. पिकलेले फळ: धनज. मूळ: आमचा पूर्वेचा धुरा, नवऱ्याने उपटलेले.”

मॅडमनी विचारलं, हे शेवटचं असंच छापायचं का. मी घाईघाईने म्हटलं, नको, जागा कमी असेल. बायको म्हणाली, जे पायलं तेच लिहिलं. मॅडमनी कागद बॅगेत ठेवला.

पुस्तक निघालं. गावात आलं तेव्हा लोकांनी आधी चाळिसावं पान उघडलं. कॉलेजच्या कार्यक्रमात तिला शाल दिली, नारळ दिला, आणि शेवटी एका विद्यार्थिनीने मला स्टेजवर बोलावून मूळ उपटणारे म्हणून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. माझी सदतीस वर्षांची नोकरी कुठे छापून आली नाही. छापून आलं ते एवढंच.

मूळ त्याच सोमवारी संध्याकाळी तिने परत धुऱ्यावर लावलं, होतं त्याच जागी. यंदा आषाढात वेल आला, वीतभर, दुभंगलेल्या तणाव्यासकट. या वेळी चिंधी बांधायचं काम माझ्याकडे दिलं. मी दुहेरी गाठ मारली, वर एक पुठ्ठा लावला आणि त्यावर माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं, ‘हात लावू नये’. निंदायला आलेल्या बायांनी पुठ्ठा पाहिला. एकीने विळा कमरेला खोचला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, “गुरुजी, हे आमच्यासाठी लिवलं का तुमच्यासाठी?”

मी म्हटलं, माझ्यासाठी. आणि लांबून वळसा घालून घरी आलो.